शेवटची दोन मिनिटं

फलकावर कॉलेजांच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांची क्रमवारी लागली होती, जिंकलेल्या सामन्यांवरून. आमचे सर तळाला. हा सामनाही हरलो तर कॉलेज त्यांना काढणार होतं.

"सर, मी या क्रमवारीच्या निषेधाचं पत्रक काढते," मी तावातावाने म्हणाले. ते हसले आणि वाकून, राखीव खेळाडू असलेल्या सुनंदाच्या बुटाची नाडी बांधत राहिले. शेवटची दोन मिनिटं बाकावरच्या मुलींना खेळवायचं, हा त्यांचा नियम. त्यापायी कितीतरी सामने गेले होते.

दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो.

"सुनंदा, ऊठ."

"आज नको ना, सर!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग पत्रकात काय लिहिणार होतीस गं?"

सामना गेला, सरांची नोकरीही. पण सुनंदा जी धावली, ते कुठल्या रकान्यात मोजायचं, मला अजून कळलेलं नाही.