गुप्तहेराची पाठवणी

रविवारी मला माझ्याच पिक्चरच्या दिग्दर्शकपदावरून काढलं... आणि काढायच्या बाजूनं पहिला हात मीच वर केला. आता हसत सांगतोय, पण रविवारी दुपारपर्यंत मला यात काडीचीही गंमत वाटत नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... दिग्रसला माझं मेडिकल आहे, आणि फावल्या वेळात आम्ही मित्र हेरगिरीचे पिक्चर काढतो. 'गुप्तहेर गजू' भाग एक आणि दोन यूट्यूबवर आहेत. दोन्हींचा लेखक, दिग्दर्शक आणि लॅपटॉपवर तयार ठोके जोडणारा संगीतकार... अस्मादिक!

पहिला भाग बरा चालला. दुसऱ्यात गजू नदीकाठी उभा राहून सात मिनिटं देशाचा विचार करतो, तोही न बोलता. तो त्याच्या सख्ख्या मावशीनंही पूर्ण पाहिला नाही, आणि ही मावशी परक्यांच्या लग्नाची सीडीसुद्धा शेवटपर्यंत बघते.

गजू, म्हणजे आमचा हिरो, कापसाच्या जिनिंगमध्ये ग्रेडर होता. कापूस चिमटीत धरून प्रत सांगायचा. यंदा बोंडअळीनं कापसाचं वाटोळं केलं, जिनिंग लवकर बंद पडलं आणि गजूनं पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी धरली. मंगळवारी निघायचं होतं. मे महिन्यात सुट्टी काढून भाग तीन करू म्हणाला, पण दिग्दर्शक आणि संगीतकार ठरवल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणे.

"अरे, ठरवायचं काय त्यात? मी आहे ना!" मी म्हणालो. तर हा म्हणे, आधी परीक्षा घेऊ.

माझ्याविरुद्ध उभे होते विठ्ठलभाऊ, लग्नाचं शूटिंग करणारे. आणि संगीताला बँजो पार्टीचे देवानंदभाऊ, ज्यांच्या ऑर्गनशिवाय आमच्याकडे ना वरात निघते ना जयंतीची मिरवणूक. यंदा लग्नं कमी, त्यामुळे दोघंही मोकळेच होते. माणसं लाखमोलाची हो... पण हेरगिरी? मी मनातल्या मनात बिनविरोध निवडून आलो होतो.

परीक्षा अशी, की एकच सीन दोन्ही पार्ट्यांनी काढायचा. गुप्तहेर मिशनवर निघतो, आई डबा देते, आणि खलनायक लपून बघतो. आईच्या कामाला गजूची खरी आई, कमलाकाकी. मग रविवारी बंद जिनिंगच्या शेडमध्ये पडदा लावून सगळ्यांना दाखवायचं आणि हात वर करून ठरवायचं.

आधी माझा सीन लागला. मी सगळा अंधारात घेतला होता, गूढ वाटावं म्हणून. कमलाकाकींचा फक्त हात दिसतो, हातात डबा, मागे माझे ठोके. मागून एक हमाल म्हणाला, "लाईन गेली काय?" आणि अख्खी शेड हसली. मी अंधारातच बसून राहिलो.

मग विठ्ठलभाऊंचा. अहो, काय सांगू! लख्ख उजेड. गुप्तहेर निघतोय म्हणून अख्खी गल्ली ओळीत उभी, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. गजू प्रत्येकाच्या पाया पडतो. मध्येच डब्यातल्या भाजीचा क्लोजअप, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात. देशाचं गुपित बाजूलाच राहिलं.

आणि खलनायक कापसाच्या गठाणीमागं लपलेला, तर विठ्ठलभाऊंचा आवाज रेकॉर्ड झालेला... "या ना भाऊ, तिकडं काहून लपून राह्यले? फोटोतून राहून जासान!" खलनायक बिचारा लाजत येऊन काकींच्या शेजारी उभा राहिला. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. खुर्ची वाचली, वाटलं.

तेवढ्यात पडद्यावर काकींनी डबा पुढे केला. लिहून दिलेलं वाक्य त्या साफ विसरल्या होत्या. "पोचला की फोन करजो," म्हणाल्या.

गजू गडबडला, पण सावरला. "माय, मिशनवर फोन नाही करता येत."

"त्या मिशनवाल्याले सांगजो, माय वाट पाहून राह्यली म्हणून."

देवानंदभाऊ पडद्याशेजारी बसून ऑर्गन वाजवत होते. आतापर्यंत धडाधड पाठलागाची धून चालली होती. पडद्यावरचा काकींचा चेहरा पाहिला आणि त्यांची बोटं सवयीनं पाठवणीच्या धुनेवर गेली. नवरी निघते ना, ती धून... गुप्तहेराला!

पहिल्यांदा लोक हसले. मग हळूहळू हसणं थांबलं. जिनिंगमधल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि त्यातल्या निम्म्या घरांतली पोरं यंदा बाहेरगावी गेलीयत हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. गजू मान खाली घालून बसला होता. त्याचा हात काकींनी घट्ट धरून ठेवला होता.

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. या बाईचा मी फक्त हात घेतला होता. पोरगा परवा खरंच चाललाय, आणि मी तिचा चेहरा अंधारात ठेवला!

"कोण पाहिजे, सांगा," गजू म्हणाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, भिडेखातर. माझा हात वर गेला... विठ्ठलभाऊ, देवानंदभाऊ. मग शेडभर हात वर झाले.

काल सकाळी स्टँडवर गजूची खरी पाठवणी. विठ्ठलभाऊ कॅमेरा घेऊन हजर, भाग तीनची सुरुवात इथूनच करायची म्हणे. नव्या टीममध्ये मला काम मिळालंय... उजेड चेहऱ्यावर पडावा म्हणून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायचा. काकींच्या तोंडावर मी तो व्यवस्थित धरला.

काकींनी डबा दिला, "पोचला की फोन करजो" म्हणाल्या. गजू यावेळी मिशनबिशन काही बोलला नाही. "करतो माय," एवढंच.

"भाऊ, थर्माकोल हालून राह्यला तुमचा," विठ्ठलभाऊ ओरडले. हात दुखतोय म्हटलं... खोटं बोललो.

विठ्ठलभाऊ, देवानंदभाऊ, मनापासून आभार. खुर्ची तुमच्याकडेच ठेवा. काकींवर उजेड मी धरतो.