लॅबमधून माणसांकडे

2001 च्या उन्हाळ्यात मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला एका चिप बनवणाऱ्या कंपनीत टेस्ट इंजिनिअर म्हणून लागले. पहिल्याच दिवशी कॅफेटेरियात एका सहकाऱ्याने हसून मला काहीतरी विचारलं. मी इंग्रजीत म्हटलं, मला कळलं नाही, मी इथलीच, आयोवाची आहे. तो ओशाळला. म्हणाला, "सॉरी यार, तू अगदी माझ्या नागपूरच्या मावशीसारखी दिसतेस. वाटलं, मराठीच असशील."

त्याचं फारसं चुकलं नव्हतं. अडीच वर्षांची असताना पुण्याजवळच्या एका अनाथाश्रमातून मला दत्तक घेतलं गेलं. माझे आई-वडील गोरे. वडील टेलिफोनच्या लाइन दुरुस्त करायचे, आई शाळेच्या लायब्ररीत होती. आमच्या गावात माझ्यासारख्या रंगाचं दुसरं कुणी नव्हतं. शाळेत व्हायचा तो त्रास झाला, पण घरी आले की वडील गॅरेजमध्ये जुने रेडिओ उघडून बसलेले असायचे. मी शेजारी स्टूल ओढून बसायची. सोल्डरिंग मी तिथेच शिकले आणि पुढे इंजिनिअरिंगला गेले.

सनीव्हेलच्या लॅबमध्ये भारतीय इंजिनिअर पुष्कळ होते. जेवताना त्यांची दोन-तीन टेबलं असायची, अमेरिकनांची वेगळी. भारतीयांना वाटायचं मी त्यांची, आणि मी तोंड उघडलं की त्यांचा विरस व्हायचा. अमेरिकन मंडळी प्रेमळ होती, पण दिवाळी कधी आहे हे मलाच विचारायची. मला ते ठाऊक नसायचं.

त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले. पुढच्याच आठवड्यात ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये एक माणूस मला ओरडून म्हणाला, आपल्या देशात परत जा. मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, आम्ही निघतो. विमानांचा भरवसा नव्हता म्हणून दोघं गाडीने आले आणि आठवडाभर राहिले. वडिलांनी माझ्या अपार्टमेंटचे सगळे नळ दुरुस्त केले. एवढं अंतर कापून ते आले, हे मला पुरलं.

ते परत गेल्यावर ऑफिसात कॅफेटेरियातला तो नागपूरचा मित्र म्हणाला, "आई आली आहे इंडियाहून. शनिवारी जेवायला ये."

अशी काकूंची आणि माझी ओळख झाली. नातवाला सांभाळायला त्या दरवर्षी सहा महिने यायच्या. मला मराठी येत नाही असं मुलाने सांगूनही त्यांनी ते मनावर घेतलं नाही. माझ्याशी सरळ मराठीतच बोलत राहिल्या. ताटात झुणका वाढायच्या आणि म्हणायच्या, "झुणका." मी म्हणेपर्यंत भाकरी वाढायच्या नाहीत. नातू इंग्रजीत उत्तरं द्यायचा आणि मी तोडक्यामोडक्या मराठीत, याची त्यांना फार गंमत वाटायची. पुढे मी दर शनिवारी जाऊ लागले. त्या कोथिंबिरीला सांबार म्हणायच्या, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. एकदा ऑफिसातल्या पुण्याच्या एका मुलीसमोर म्हटलं की मी काल सांबार निवडला, तर तिला हसू आवरेना. काकूंना सांगितलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "तिला म्हण, आमच्याकडे असंच म्हणतात."

आज हे मराठीत लिहू शकते आहे, ते त्या शनिवारांमुळे.

नोकरीत मी रमले होते. दोनेक वर्षांनी आमची एक चिप फार त्रास देऊ लागली. तापली की चुका करायची. रिव्ह्यूच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचा संशय मेमरीवर होता. माझा मित्र म्हणाला की मेमरी ठीक आहे, तिला वीज पुरवणारी लाइन बारीक पडते आहे. तो भरभर बोलायचा, त्यात नागपुरी हेल. कुणीतरी मध्येच दुसरा विषय काढला. त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झालं. मग तो थांबला आणि समोरच्या कागदांकडे बघत बसला.

थोड्या वेळाने मी तेच माझ्या शब्दांत सांगितलं. खोली लगेच शांत झाली. मॅनेजर म्हणाला, हा चांगला मुद्दा आहे, पुढे सांग. माझं इंग्रजी आयोवाचं होतं, माझ्या आईने रोज रात्री पुस्तकं वाचून माझ्या कानात भरलेलं. माणूस सावळा असला तरी आवाज त्यांच्या ओळखीचा होता. हे मला त्या क्षणी पहिल्यांदा लख्ख कळलं.

मी म्हटलं, "हे माझं नाही. यानेच मघाशी सांगितलं, दोनदा. पुढचंही त्यालाच माहीत आहे. त्याचं पूर्ण ऐकू या."

त्याने फळ्यावर जाऊन सगळं मांडलं. लाइन रुंद केली आणि चिप सुधारली. शनिवारी काकूंनी दारातच माझ्या गालांवरून हात फिरवला, तेव्हा समजलं की घरी बोलणं झालं आहे.

त्यानंतर मी मॅनेजरला एक साधी विनंती केली. रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपलं म्हणणं ईमेलने पाठवावं, आणि मीटिंगमध्ये एकेकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याने बोलू नये. त्याला ते शाळेसारखं वाटलं, पण तो हो म्हणाला. कधीच न बोलणारी माणसं बोलू लागली. त्यात व्हिएतनामहून आलेली एक बाई होती, आणि आयोवासारख्याच एका खेड्यातून आलेला एक लाजरा गोरा मुलगाही. दुसऱ्या टीम मला बोलवायला लागल्या. कुणाला आपल्या नावाचा रोज होणारा चुराडा सहन होत नव्हता, कुणाला ईदला सुट्टी मागायची भीती वाटत होती. माझ्या डेस्कशी माणसं येऊन उभी राहू लागली. लॅबचं काम संध्याकाळवर जायला लागलं.

2006 मध्ये आमच्या डिव्हिजनच्या प्रमुख बाईंनी मला बोलावलं. कंपनीत सगळ्यांना सामावून घेण्याचं काम बघणारी एक नवी जागा तयार होत होती. त्या म्हणाल्या, इंजिनिअरिंग सोडावं लागेल, नीट विचार कर. त्या स्वतः कधीकाळी लॅबमधल्या एकट्या बाई होत्या.

मी घरी आयोवाला गेले. वडिलांना सांगायचं धाडस होईना. शेवटी गॅरेजमध्ये सांगितलं, आणि म्हटलं की तुम्ही शिकवलेलं सगळं वाया जाईल असं वाटतं.

ते हातातला पाना पुसत म्हणाले, "तू इंजिनिअर व्हावीस म्हणून मी तुला रेडिओ शिकवलाच नव्हता. तू आलीस तेव्हा कुणाशी बोलायची नाहीस. हातात काही दिलं की बोलायला लागायचीस. तू बोलावीस एवढंच मला हवं होतं."

परत येऊन मी नोकरी स्वीकारली.

सगळं गोड झालं असं नाही. काही जुने सहकारी म्हणायचे, हिने खरं काम सोडलं. व्हिसावर आलेल्यांना कंपनी उच्चार सुधारायच्या क्लासला पाठवायची. मी सुचवलं की त्याच्या जोडीला ऐकायचा क्लास ठेवू, सगळ्यांसाठी. एक मोठा मॅनेजर त्यावर मनसोक्त हसला आणि शेवटपर्यंत आला नाही. बाकीचे आले. काही नुसते हजेरी लावायला, पण आले. पहिल्या तासाला त्या व्हिएतनामी बाईंनी आपलं नाव कसं म्हणायचं ते सगळ्यांना शिकवलं. मी मागे उभी होते आणि मला वाटलं, याच्याइतकं नेमकं काम मी चिपवरही केलं नव्हतं.

2008 च्या वसंतात आई-वडील आले तेव्हा काकूही इथे होत्या. त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. वडाभात केला, कढी केली. आई आणि काकू समोरासमोर बसल्या आणि मी मधे, इकडचं तिकडे सांगत. जेवण झाल्यावर आईने माझा हात धरला. म्हणाली, "मला यांना एक विचारायचंय. इतकी वर्षं तुलाही विचारलं नाही. मला भीती वाटायची."

मी लहान असताना, आल्यानंतरचे पहिले काही महिने, रडत एकच शब्द म्हणायची. तो आईने मनात जपून ठेवला होता. तिला वाटायचं ते कुणाचं तरी नाव असेल, मला जन्म देणाऱ्या आईचं कदाचित, आणि मी तिला हाका मारत असेन.

"काडेवा," आई म्हणाली.

काकूंना कळेना. मलाही कळेना. मग आईने मी कशी करायची ते दाखवलं. दोन्ही हात वर उचलले, लहान मुलासारखे.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "कडेवर. कडेवर घे म्हणत होती पोर."

मी आईला त्याचा अर्थ सांगितला.

"मग तुम्ही काय करायच्या?" काकूंनी विचारलं, आणि मी ते इंग्रजीत सांगितलं.

"मला समजायचं नाही," आई म्हणाली. "मी नुसती उचलून घ्यायची."

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा काकूंनी टेबलावरून हात पुढे करून आईचा हात धरला. वडिलांनी उठून सगळ्यांच्या ग्लासात पाणी ओतलं. मग आईने डोळे पुसले आणि काकूंना तो शब्द पुन्हा म्हणायला सांगितला. काकूंनी म्हटला. आईने म्हटला. "र राहिला," काकू म्हणाल्या, आणि आईने पुन्हा सुरुवात केली.