मागची काच

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डॉक्टरांनी त्याच्या विसरण्याला आजाराचं नाव दिलं, तेव्हापासून त्याचं बोलणं घरात कुणी फारसं मनावर घेईनासं झालं. मीसुद्धा.

रिमोटची गाडी हा आम्हा दोघांचा जुना नाद. बॅटरीवरची नव्हे, मुठीएवढं खरं इंजिन असलेली, धूर सोडणारी. "साठी आली तरी खेळणी सुटत नाहीत यांची," असं वहिनी येईल त्याला सांगायची. हल्ली दादाला रस्ते आठवत नव्हते, जेवलो की नाही हेही आठवत नव्हतं, पण गाडीचा आवाज आला की तो ताठ उभा राहायचा. तेवढ्यासाठी मला ती चालू ठेवायची होती. त्या इंजिनाचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत. ते गेलं की सगळंच संपणार होतं.

या उन्हाळ्यात ते फार तापायला लागलं. आमची जुनी परीक्षा होती, इंजिनाच्या माथ्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. दोन-तीन सेकंद टिकला तर ठीक, पडताक्षणी चर्रकन उडाला तर गाडी थांबवायची. आता तो रोजच उडत होता. शेवटी कळव्याच्या घरी गॅलरीत बसून मी बॉडीची पुढची काच कापायला घेतली, इंजिनाला वारा लागावा म्हणून. काच म्हणजे पातळ प्लास्टिकच, कात्रीने कापलं जातं.

"मागची पण काप," दादा म्हणाला.

"बरं."

"अरे, आत आलेली हवा जाणार कुठून? मागची काप, मोठी."

त्या सकाळी त्याने मला चारदा विचारलेलं, आईने चहा घेतला का? आईला जाऊन नऊ वर्षं झालीत. 'मागची काप' तिसऱ्यांदा ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं.

"गप बस ना रे दादा! तुला काय कळतंय आता?"

मी पुढची काच ऐसपैस कापली आणि मागची तशीच ठेवली.

रविवारी घोडबंदर रोडच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. काच कापलीय या भरवशावर मी थेंबही टाकला नाही, सलग पळवत राहिलो. आत शिरलेली हवा तिथेच कोंडून तापत होती. आवाज चिरका झाला आणि गाडी जागीच थांबली. इंजिन जाम. नवशिक्याची चूक होती ही. इतक्या वर्षांत मी ती कधी केली नव्हती. या वेळी केली, कारण 'मागची काप' सांगणारा आजारी दादा होता. मला माझीच किळस आली.

दादा जवळ आला. घाबरलेला दिसत होता.

"माझ्याकडून काही झालं का रे?"

"नाही दादा. माझ्याकडून झालं. तू बरोबर सांगत होतास."

आता तो रोज तेच विचारतो. मी रोज खरं सांगतो. तो मान हलवतो, पण त्याला ते पटत नाही.