उकड्या तांदळाची सेल

सोमबहादूर तामांग महाबळेश्वरला एका हॉटेलात आचारी होता. पावसाळ्यात ते हॉटेल बंद पडलं तसा तो आंबेनळी घाट उतरून महाडला आला आणि हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर कायमचा रमला. त्याचं घर नेपाळात, डोंगरावर. घरचे सगळे बौद्ध. महाडात मात्र तो नुसता बहादूर. सुट्टीच्या दिवशी तो विहारात जाई, तिथल्या बायकांना मोमो शिकवी.

"हा तर वाफवलेला कानवला," कापडे गावच्या येसूबाई म्हणाल्या. "गूळ घालायचा इसरलास रे!"

सोमबहादूर त्यांना आमा म्हणे, म्हणजे आई.

मार्चात चवदार तळ्यावर लांबलांबून माणसं येत, विहारातले लोक त्यांना जेवू घालत. दोन वर्षं सोमबहादूरने तिथे भाजी चिरली, भांडी घासली. आपल्या गावचं काहीतरी, आपल्या हातचं, या पंगतीत वाढावं असं त्याच्या फार मनात होतं. १९९९ साली त्याने धीर करून विचारलं, "गोड मी करू? आमची सेल?"

व्यवस्था बघणारे भिकाजी कुरकुरले. "लोकं उन्हातनं येनार. नाय जमलं तर?"

"जमंल," येसूबाई म्हणाल्या. "तांदूळ माझा."

सेल म्हणजे तांदळाच्या गोड पिठाचं तळलेलं कडं. तांदूळ भिजवून वाटायचा, साखर-तूप घालून फेटायचा आणि मुठीतून धार सोडत तेलात गोल काढायचा. कापड्याहून पोतं आलं. दाणा जाड, तांबूस. कोकणात असाच असेल, असं त्याला वाटलं.

सकाळी त्याने पहिलं कडं सोडलं. काडीने उलटायला गेला तर तुकडे. आच कमी केली, पिठात मैदा घातला. दुसऱ्याचा चुराच झाला. भिकाजी बाजूला उभे राहून बघत होते.

येसूबाईंनी पीठ चिमटीत चोळून पाहिलं. "अगो बाई! हा उकडा हाय रे. सालासकट भात उकडून, वाळवून मग कांडलेला. आमी रोज खातो त्योच धाडला मी."

"शिजवायच्या आधी उकडतात? मग चुलीवर काय करता, आमा?"

बायका खो खो हसल्या. तोही हसला. भिकाजी मात्र सायकल काढून निघाले.

"तवा ठेवा गो," येसूबाई म्हणाल्या. "याची घावनं काढू."

"मग ती सेल नाही."

"नसू दे. माणसं उपाशी ठेवतोस काय?"

शेवटी त्याने तव्यावर पीठ पसरलं. घावनं संपत आली तेव्हा भिकाजी घामाघूम होऊन सायकलवरून उतरले. हँडलला पिशवी होती. "सुरय तांदळाचं पीठ. न उकडलेल्या. गिरणीवाल्याला दोनदा इचारलं. आता फुटली तर मला सांगू नको."

दुपारी कडं गोल राहिलं. येसूबाईंनी मोडून खाल्लं. "जरा कडक हाय. पण हाय गोड."

सेल शेवटच्या पंगतीपुरतीच झाली. ती वाढायला सोमबहादूर स्वतः टोपली घेऊन निघाला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुठली रं ही?"

त्याने आपल्या गावाचं नाव सांगितलं. महाडात आल्यापासून ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं. म्हाताऱ्यानेही ते कधी ऐकलं नसावं.

"बरं," म्हातारा म्हणाला, "आनखी एक टाक."