बंगईची गिटार

आमच्या अमरावतीच्या घरी पुढच्या खोलीत आईची बंगई होती. बाहेरगावचे लोक तिला झोपाळा म्हणतात. शिसवीची दीड इंच जाड फळी, माणूस आडवा होईल एवढी लांब, आणि चार कोपऱ्यांना चार पितळी साखळ्या. आईच्या वडिलांनी ती तिला लग्नात दिली होती. फळी परतवाड्याच्या लाकूडबाजारातून आणली आणि दर्यापूरला त्यांच्या घरासमोर बसून सुताराने घडवली, असं आई सांगायची. गेली साठेक वर्षं ती त्या फळीवर बसून तांदूळ निवडत होती, पेपर वाचत होती, येणाऱ्याजाणाऱ्याला बोल लावत होती.

ती फळी मी कापली. चुकून नाही. आई गावाला कधी जाते याची वाट पाहून कापली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचो. निवृत्त झालो आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये गिटार बनवायला घेतली. बायकोला वाटलं, चला, रिकामा बसून कुरकुर करण्यापेक्षा बरं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी साचा केला, रंधे घेतले, बाक ठोकून पक्का केला. वरच्या पातळ फळीसाठी लागणारं स्प्रूसचं लाकूड कुरिअरने मागवलं. मागची बाजू आणि कडा मात्र जुन्या, मुरलेल्या, कडक लाकडाच्या हव्या होत्या. तसं लाकूड आरा मशीनवाल्याकडे मिळालं असतं. मी विचारलंदेखील नाही. पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच फळी होती.

याचं कारण मी सतरा वर्षांचा असताना घडलं होतं. एका मित्राची जुनी गिटार माझ्याकडे आली होती. मी दिवसभर ती वाजवत बसायचो. बारावीच्या चाचणीत मी गणितात नापास झालो, त्या दिवशी आईने ती गिटार आपटून फोडली आणि तुकडे पाणी तापवायच्या बंबात घातले. मग मला म्हणाली, "जाय, आंघोय करून घे. पानी तापलं हाय." मी त्या पाण्याने आंघोळ केली. त्यानंतर मी कधी वाद्याला हात लावला नाही. नोकरी, लग्न, मुलीचं शिक्षण, वडिलांचं आजारपण, सगळं रीतसर केलं. आईशीही नीट वागलो. पण ते गरम पाणी माझ्या अंगावरून कधी उतरलं नाही.

जून महिन्यात आई भाच्याच्या मुलीच्या लग्नासाठी दर्यापूरला गेली, दहा दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी मी फळी उतरवली. बायको दारात उभी राहून म्हणाली, "त्यांना विचारलं का?"

"विचारायचं काय त्यात? नवीन करून देईन."

"त्या साखळी धरून उठतात हो. त्यांचे गुडघे..."

ते मला माहीत होतं. जमिनीवर किंवा खुर्चीवर बसली की आईला उठता येत नसे. बंगईवर मात्र ती साखळीला धरून, फळीला थोडा झोका देऊन आपली आपण उठायची. या वयात कुणाचा हात न धरता करता येणारी तेवढीच गोष्ट तिच्याकडे उरली होती. मी फळी ऑटोत घातली आणि आरा मशीनवर नेली. करवत लाकडात शिरली तेव्हा जांभळट भुसा उडाला, मिऱ्यासारखा वास सुटला. मला फार बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

आई परत आली. चप्पल काढली, खोलीत आली आणि लोंबणाऱ्या साखळ्यांकडे पाहत उभी राहिली.

"फयी कुठं हाय?"

मी तिला मागे शेडमध्ये नेलं. बाकावर फळी चिरून काढलेले पातळ पत्रे एकावर एक ठेवले होते. तिने त्यातला एक उचलला, दारातल्या उजेडाकडे धरला, बोटाने वाकवून पाहिला.

"पापड केला रे तू हिचा," ती म्हणाली. "काहून कापली?"

या प्रश्नाचं उत्तर मी चाळीसहून अधिक वर्षं तयार ठेवलं होतं. म्हणालो, "तू माझी गिटार बंबात घातली होती, तेव्हा मला विचारलं होतं का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "कोनती गिटार?"

मला वाटलं, नाटक करते आहे. आईची स्मरणशक्ती आजही धारदार. माझ्या आत्याने कुठल्या लग्नात कोणतं लुगडं नेसलं होतं तेही ती सांगते. मी चाचणीचं, बंबाचं, आंघोळीचं सगळं सांगितलं. तिने मन लावून ऐकलं, आठवायचा खरोखर प्रयत्न केला, आणि मान हलवली.

"नाही बाप्पा. मले काही याद नाही. घातली असंन. तवा तुमाले दोघा भावाबहिनीले वळन लावता लावता काय काय केलं, सारं कोनाच्या ध्यानात राह्यते?"

पत्रा तिने जागेवर ठेवला आणि भिंत धरत धरत घरात गेली.

तिथे मी थांबायला हवं होतं. नवीन फळी त्याच आठवड्यात आणून लावायला हवी होती. मी गिटार पुढे करत राहिलो. कडा ओल्या करून तापल्या लोखंडी नळीवर वाकवल्या. श्रावणात, हवा दमट असताना, मागच्या बाजूला आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवल्या. दमट हवेत फुगलेलं लाकूड असं जखडलं, तर उन्हाळ्यात आकसताना त्याला जागा उरत नाही, हे मी वर्गात शिकवलेलं. पण दिवाळीला अकोल्याहून धाकटी बहीण येणार होती आणि तिच्यासमोर मला ती वाजवायची होती. या काळात आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. उठायचं असलं की बायकोला हाक मारायची. बायको कामात असली तर तशीच बसून राहायची. मला तिने एकदाही हाक मारली नाही. मीही आपण होऊन गेलो नाही.

दिवाळीत बहीण आली. फराळ झाल्यावर आईच म्हणाली, "वाजवून दाखव."

मी वाजवली. सतराव्या वर्षी येत होतं तेवढंही आता येत नव्हतं. बोटं ताठ झालेली, डाव्या हाताने तार नीट दाबली जाईना, दर दुसरा सूर खरखरत होता. एक सोपं गाणं अर्ध्यावर सोडून मी थांबलो.

आई म्हणाली, "इतल्यासाठी?"

बहिणीने मला शेडमध्ये नेऊन सुनावलं. "दादा, तुले मारायचंच होतं तं एक झापड मारायची होती तिले. हे काय करून बसला?" भाऊबीज झाल्यावर ती आईला अकोल्याला घेऊन गेली. आईने कपड्यांची एक पिशवी आणि औषधांचा डबा घेतला. बाकी सगळं राहू दिलं.

मे महिन्यात, कूलरही गरम वारा फेकत होता अशा एका दुपारी, शेजारच्या खोलीतून फटाक्यासारखा आवाज आला. गिटारीची पाठ वरपासून खालपर्यंत उभी चिरली होती. मी तारा सैल केल्या आणि बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसलो. बायको पाहून गेली.

पुढच्या आठवड्यात मी सागवानी फळी आणली, तासली, चारही साखळ्यांना लावली. मग एसटीने अकोल्याला गेलो. आई ओसरीत तूर निवडत बसली होती. मी म्हणालो, "आई, नवीन बंगई केली. मजबूत आहे. घरी चल."

तिने सूप खाली ठेवलं नाही. राग नव्हता तिच्या आवाजात.

"नको. तिथं मले तुहा भेव वाटते."

"माझी भीती?"

"तू साऱ्या जिंदगीभर चूप होता. मले वाटे, लेकरू चांगलं हाय. आता रोज वाटंन, याच्या मनात अजून काय हाय?"

बहिणीने चहा दिला. तो पिऊन मी साडेचारच्या गाडीने निघालो. आई परत आली नाही. नवीन बंगईवर बायको कधीकधी बसते, मी बसत नाही. गिटारीची चीर मी आतून पट्टी लावून बुजवली आहे, हात फिरवला तर कळते. रोज संध्याकाळी अर्धा तास सराव करतो. सोडून द्यावी असं बरेचदा वाटलं, पण सोडली नाही. आता मला तीन गाणी नीट वाजवता येतात.