बबलीचा बिल्ला

दोन हजार चोवीस साल, आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा. कुरवंड्याला श्रावणात धुकं दरीतून चढून येतं ते पाहुण्यासारखं थेट उंबरा ओलांडून घरात शिरतं. त्याला दार लावायची आमच्यात रीत नाही. ते चुलीच्या धुरात मिसळतं, अंथरुणाला ओल आणतं, हातभर अंतरावरचं माणूस पुसून टाकतं. अशाच एका सकाळी त्या पांढऱ्या ओलाव्यातून मला हसू ऐकू आलं. हा-हा-हा, मग गप्प. पुन्हा हा-हा-हा, पुन्हा गप्प. पत्र्यावर कुणी खडे टाकावेत तसं! घरात तर मी आणि माझी नात नसीम, दोघंच. मग हे परकं हसू कुणाचं?

आरशापुढं नसीमच उभी होती. दात दाखवून हसत होती आणि डोळे मात्र रडून सुजलेले.

कुसगावच्या एका हॉटेलात ती काउंटरवर असते. आल्यागेल्याला खोली द्यायची, फोन घ्यायचे. कुणाच्या ओळखीनं नाही, स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं काम, आणि त्या कामावर तिचा लय जीव. तिथला मॅनेजर तिला म्हणाला होता की तुझ्या कामात खोट नाही, पण तू चिअरफुल नाहीस, लाइव्हली नाहीस. महिनाअखेरपर्यंत बबली झालीस तर काउंटर, नाहीतर मागं चादरी धुवायला. एवढं सांगून ती जीप गाठायला पळाली.

मी दुसरीतून शाळा सोडली, जन्मभर लोणावळ्याच्या बंगल्यांना दूध घातलं. चिअरफुल मला कळलं नाही. त्यातलं फूल तेवढं कळलं. पण बबली? बबली तर आमच्या गोठ्यात बांधलेली! काळी, कान पांढरे, गाभण. नसीमनंच ठेवलेलं नाव. म्हणजे माझ्या नातीनं शेळी व्हायचं?

मस्तकात अशी तिडीक गेली की चहा तसाच राहिला. अरे, उल्हास ही काय हुकमानं काढायची वस्तू आहे? ह्याच दरीच्या काठावर तो उभा कडा बघायला माणसं कुठून कुठून येतात. किती उग्र, किती अबोल तो! त्याला कुणी म्हणतं का, जरा हस, गिऱ्हाईक आलंय? त्याच्या गांभीर्यापुढं टोप्या काढतात, आणि गरिबाच्या लेकीनं गंभीर असू नये? आणि माझी नसीम हसत नाही असं सांगितलं कुणी? तिचं हसू तिच्या आजीचं आहे, माझ्या सकीनाचं. त्याला आधी आवाजच नसतो. खांदे हलतात, डोळ्यांत पाणी तरळतं, पदर तोंडाशी जातो, आणि सगळ्यात शेवटी एकच बारीक उचकी. सकीना गेली, पण ते हसू ती घरात ठेवून गेली. चार माणसांत ते बाहेर पडत नाही. माझ्या चुकांवर, माझ्या हट्टावर मात्र हमखास येतं! माणसाची प्रसन्नता ही अशी झऱ्यासारखी, दगडाआडून, आपल्या मर्जीनं येणारी. तिला नळ कसा बसवायचा?

टोपी घातली आणि तडक कुसगावला गेलो. काउंटरपाशी पाहुण्यांची गर्दी, पलीकडं नसीम, तिच्या शेजारी तो मॅनेजर, नातवाच्या वयाचा.

"नसीमचा आजा मी," म्हटलं. "तुमाला बबली पायजे व्हय?"

"हो आजोबा," तो हसून म्हणाला, "बबलीच पाहिजे. सगळ्यांशी बोलणारी, उड्या मारणारी!"

"उड्या मारती. बोलती बी, रातभर. पन आत्ता ती गाभन हाय. व्याल्यावर घेऊन येतो, बसवा काउंटरवर. माझ्या नातीला शेळी म्हनायचं काम न्हाई!"

आणि नसीमचे खांदे हलले. ओढणी तोंडाशी गेली, डोळे भरले, ती काउंटरला धरून खाली वाकली, आणि ती उचकी! सकीनाची उचकी, त्या चकचकीत फरशीवर, परक्या माणसांसमोर. पाहुणे खो-खो हसले. मॅनेजरनं टाळी वाजवली. "हेच! नसीम, हेच हसू पाहिजे! आजोबा, रोज येत जा तुम्ही!"

म्हणजे नातीचं काम वाचलं. मला सांगा, मी खूश व्हायला नको होतं? पण माझ्या अंगाची आग आग झाली. ज्यानं ते हसू कधी ओळखलं नाही, त्यानं ते एका टाळीत आपलं करून टाकलं, आणि त्याच्या हातात नेऊन दिलं कुणी? मीच! चेष्टा झाली त्याचं काही नाही. म्हाताऱ्याची चेष्टा व्हायचीच. पण आमच्या घरातल्या हसण्याला त्या माणसानं कामाला लावलं, त्याचा राग आजही उतरलेला नाही.

संध्याकाळी नसीम आली ती छातीवर पिवळा बिल्ला लावून. त्यावर गोल हसरं तोंड आणि खाली इंग्रजीत नाव.

"काय लिवलंय?"

"बबली," ती खाली बघून म्हणाली. "उद्यापासून हेच नाव लावायचं म्हणाले."

"आन तुजं नाव?"

तिनं ओढणी बिल्ल्यासकट काढून खुंटीला टांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उठायच्या आत, मी तो बिल्ला खुंटीवरच्या ओढणीवरून काढला, गोठ्यात गेलो आणि शेळीच्या गळ्यातल्या दाव्याला टोचला. नसीम तयार होऊन बिल्ला शोधत गोठ्यापाशी आली. धुक्यातून ते पिवळं तोंड आणि वर काळं रवंथ करणारं तोंड, दोन्ही तिच्याकडं बघत होती.

"आबा, साहेब विचारतील की!"

"सांग, बबली घरीच हाय. मी नसीम हाय."

ती माझ्या मागोमाग घराच्या उंबऱ्यापर्यंत आली, थांबली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मी तिला आत ओढलं आणि धुक्याच्या तोंडावर दार लावून घेतलं, ते हसू बाहेर जाऊ नये म्हणून.