ड्रॅगन जेवायला गेलाय

उभी नोकरी 'नियमात बसत नाही' हे एकच वाक्य बोलून काढलेला माणूस निवृत्तीनंतर कसा दिसतो, हे ज्यांना पाहायचं होतं त्यांनी लालबागला आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर यायला हवं होतं. परिपत्रककाका तिथे गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असत. पाण्याची वेळ, दारासमोरच्या चपला, गणपतीची वर्गणी, प्रत्येक विषयावर त्यांच्याकडे तोंडी परिपत्रक तयार असे. माझे वडील त्यांना पाहिलं की दातओठ खात. रेशनकार्डावर माझं नाव चढवायला गेले, तेव्हा सख्खा शेजारी असूनही काकांनी त्यांना रेशन ऑफिसच्या खिडकीवरून परत पाठवलं होतं.

काकू गेल्यावर काका एकटे उरले. मुलगा पुण्याला, लिफ्टच्या इमारतीत. तो दर आठवड्याला फोन करून म्हणायचा, "बाबा, बस झालं आता, इकडे या." काकांना लालबाग सोडायचं नव्हतं, पण तसं सांगायला सरकारी माणसाला पटेल असं कारण सापडत नव्हतं. ते कारण आम्ही पुरवलं, तेही फुकट.

आम्ही म्हणजे मी, शेजारचा अमोल आणि त्याची बायको सायली. अमोलला एका परदेशी खेळाचं वेड लागलं होतं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि वार बसला की चुकला ते फाशांवर ठरवायचं. खेळाचे थोडे नियम कंपनीने इंटरनेटवर फुकट ठेवले होते, बाकीचे जाडजूड पुस्तकांत. फुकटचे नियम शिकायला पुरतात का, या प्रश्नावर जगभरची शहाणी माणसं भांडत होती आणि अमोल ती सगळी भांडणं वाचत होता. वर्षभर त्याने या खेळाचा इतका अभ्यास केला की खेळायला वेळच मिळाला नाही. "अगं, पुस्तकांशिवाय सुरुवात केली ना, तर बेसच कच्चा राहतो," हे तो एका रविवारी मला गॅलरीत सांगत होता, आणि काका खुर्चीतून ऐकत होते.

"फुकट आहे ना? मग आण इकडे," काका म्हणाले. "उगाच चर्चा कसली करतोस मेल्या!"

सायलीने ऑफिसातून छापून आणलेल्या त्या कागदांना काकांनी भोक पाडलं, पांढरी दोरी ओवली, लाल-निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या आणि पुढच्या रविवारी ते गोष्ट सांगायला बसले. वीस बाजूंचा फासा आमच्याकडे नव्हता. मंडळाच्या हौजीच्या पिशवीतल्या एक ते वीस सोंगट्या स्टीलच्या डब्यात घालून काम भागलं. अमोलला हे बघवत नव्हतं, पण खेळायलाही कधी नव्हे ते मिळत होतं, म्हणून डबा हलवायला तोच पुढे झाला.

आम्हाला एका ड्रॅगनकडून राजाचा मुकुट परत आणायचा होता. गुहेच्या दारातच शिपाई भेटला. "साहेब जेवायला गेलेत. तीननंतर या."

अमोलने तलवार उपसून शिपायाला आडवा केला.

"मारलंस? उत्तम," काका म्हणाले. "आता पंचनामा होणार. दोन साक्षीदार आण."

सायली चेटकीण झाली होती. तिला गुहेवरून उडत जायचं होतं. अमोलने कागद चाळले आणि असं काही नियमात दिलेलं नाही म्हणून जाहीर केलं. आम्ही सगळे काकांकडे पाहू लागलो. ते वाक्य आता येणार होतं.

"लिहिलेलं नाही ना? म्हणजे मनाई नाही," काका म्हणाले. "उड गो तू."

मी घरी जाऊन हे सांगितलं, तर वडील जेवता जेवता थांबले. "माझ्या रेशनकार्डाच्या वेळी ही उदारता कुठे ठेवली होती?"

रविवारमागून रविवार गेले. ड्रॅगनचं जेवण काही संपेना. कधी चुकीचा अर्ज, कधी भलतीच खिडकी, कधी शिक्का मारणारा राक्षस रजेवर. अमोल वैतागला होता. मग एकदा खेळ चालू असतानाच पुण्याचा फोन आला. "येतो रे," काका म्हणाले. "पोरांचं हे काम अर्धवट आहे. तेवढं संपलं की लगेच येतो." त्या दिवसापासून अमोलनेही घाई केली नाही. स्वतःहून चुकीच्या खिडकीवर जाऊन उभा राहू लागला.

पण फुकटालाही शेवट असतोच. आमचे वीर फुकटच्या नियमांत बसतील तेवढे बलवान झाले आणि काकांच्या फाइलचं शेवटचं पान आलं. पुढच्या नियमांसाठी मूळ पुस्तक घ्यावे, असं त्यावर छापलं होतं. वर्षभर अमोल हेच सांगत होता, आणि बरोबर ठरल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्याच आठवड्यात त्याने पुस्तक मागवलं. काकांनी ते हातात तोललं, ड्रॅगनचं पान काढलं, चष्मा पुसून वाचलं आणि मिटून परत दिलं. "याला जेवणाची सुट्टीच नाही. हा कसला साहेब?"

ते पुस्तकही कामी आलं नाही. काका जिन्यावरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि मुलगा गाडी घेऊन आला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, याच्यापुढे काकांचं एकही परिपत्रक चाललं नाही. सामान बांधलेलं असताना आम्ही शेवटचं खेळायला बसलो. मुलगा दारात उभा राहून घड्याळ बघत होता.

"काका, आज तरी ड्रॅगनला भेटवा," सायली म्हणाली.

"साहेब रजेवर आहेत."

"परत कधी येणार?"

काकांनी फाइल उलटसुलट केली. "तसं काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे मनाई नाही," सायली म्हणाली आणि रडायला लागली. मग मलाही आवरेना. काकांनी दोरी बांधून फाइल माझ्या मांडीवर ठेवली. "चार्ज घे." गाडीपर्यंत त्यांना खुर्चीसकट उचलून नेणाऱ्यांत माझे वडील सगळ्यात पुढे होते.

आता गोष्ट मी सांगते. अमोलच्या जाड पुस्तकात सगळं आहे, फक्त काकांसारखं बोलायचं कसं ते नाही. मला त्यांची फार आठवण येते. रविवारी खेळ रंगात आला की पुण्याहून फोन येतो.

"काय गो, भेटला का ड्रॅगन?"

"नाही हो काका. जेवायला गेलाय."

"बरं, बरं. घाई करू नका."

परवा अमोलने चिडून विचारलं, हा प्राणी एवढं खातो तरी काय? मी त्याला सांगितलं, काका येईपर्यंत त्याचं जेवण चालणार. डब्यातल्या सोंगट्या हलवल्या आणि त्याला पुढच्या खिडकीवर पाठवलं.